स्वतःच उभारलेली तटबंदी पाडणारा क्रांतिकारक

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याशी मराठी वाचकाची ओळख जुनी आहे. न. चिं. केळकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘आयर्लंडचा इतिहास’ मराठीत लिहिला, आणि पुढे डी व्हॅलेरा, मायकेल कॉलिन्स ही नावे आपल्याकडील राजकीय चर्चेत घरच्यासारखी वावरू लागली. मात्र ही ओळख बहुधा लढ्यापाशीच थांबते. बंदुका खाली ठेवल्यानंतर त्या बंडखोरांनी राज्य कसे चालविले, मिळालेल्या स्वातंत्र्यात सामान्य माणसाच्या पोटापाण्याची सोय लागली की नाही, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. हा उत्तरार्ध समजून घ्यावयाचा तर डी व्हॅलेरांच्या सावलीत जवळजवळ तीन तपे वावरलेल्या शॉन लेमास यांचे चरित्र पाहिले पाहिजे. सोळाव्या वर्षी बंडात उतरलेला हा मुलगा बत्तिसाव्या वर्षी उद्योग व व्यापार खात्याचा मंत्री झाला आणि साठाव्या वर्षात पंतप्रधान. बंड करणे, त्या बंडाला आर्थिक अर्थ देण्यासाठी एक व्यवस्था उभारणे, आणि ती व्यवस्था निकामी ठरली असे दिसताच तीही मोडीत काढणे, ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्याला आली.

लेमास यांचा जन्म १५ जुलै १८९९ चा. डब्लिनमधील कॅपेल स्ट्रीटवर वडिलांचे टोप्यांचे व पुरुषांच्या पोशाखाचे दुकान होते. घर खाऊनपिऊन सुखी, वातावरण राष्ट्रीय वृत्तीचे. जानेवारी १९१५ मध्ये, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, ते ‘आयरिश व्हॉलंटिअर्स’ या स्वयंसेवक दलात दाखल झाले. त्यांच्या तुकडीचे नेतृत्व लवकरच एका उंच, चष्मा लावणाऱ्या गणिताच्या शिक्षकाकडे आले. हे शिक्षक म्हणजेच एमन डी व्हॅलेरा. पुढील वर्षाच्या जानेवारीत घरात एक भयंकर अपघात घडला. शॉनच्या हातातील पिस्तुलातून गोळी सुटली आणि दोन वर्षांचाही न झालेला धाकटा भाऊ दगावला. या प्रसंगाविषयी ते पुढे जाहीरपणे कधी बोलले नाहीत. त्यांच्या तुटक, कोरड्या बोलण्याचे मूळ कोणी येथे शोधले तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु तो तर्कच राहील.

ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिल १९१६ रोजी, डब्लिनमध्ये बंडाचा उठाव झाला तेव्हा शॉन आणि त्यांचा थोरला भाऊ नोएल शहराबाहेर डोंगरांत भटकंतीला गेले होते. परतीच्या वाटेवर त्यांना स्वयंसेवक दलाचे प्रमुख प्राध्यापक ओइन मॅक्नील भेटले. याच मॅक्नील यांनी आदल्या दिवशी उठाव रद्द केल्याचा हुकूम काढला होता. तो न जुमानता लढाई सुरू झाल्याची वार्ता या मुलांना त्यांच्याच तोंडून कळली. दुसऱ्या दिवशी लेमास बंडखोरांचे मुख्य ठाणे बनलेल्या टपाल कचेरीत जाऊन पोचले व तिच्या छपरावर बंदूक घेऊन उभे राहिले. आठवड्याअखेर शरणागती झाली. नेत्यांना गोळ्या घालण्यात आल्या. लेमास यांना कोवळे वय पाहून सोडून देण्यात आले.

त्यानंतरची सात वर्षे या पिढीतील इतरांप्रमाणेच गेली. स्वातंत्र्ययुद्धात डिसेंबर १९२० मध्ये अटक, बालीकिनलरच्या छावणीत वर्षभर स्थानबद्धता, आणि सुटून येतात तो १९२१ च्या कराराने कालचे सहकारी दोन छावण्यांत विभागलेले. लेमास कराराच्या विरोधात गेले, जून १९२२ मध्ये ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयाच्या इमारतीत लढले, पकडले गेले, निसटले, पुन्हा पकडले गेले. परकीय सत्तेशी लढताना जे गमावले नव्हते ते यादवी युद्धाने हिरावून नेले. युद्ध संपल्याचे जाहीर होऊन गेल्यावर, जुलै १९२३ मध्ये, नोएल यांना डब्लिनमध्ये पळवून नेण्यात आले आणि ऑक्टोबरात त्यांचे प्रेत डब्लिनच्या डोंगरांत सापडले. हे कृत्य स्वकीय सरकारच्या माणसांचे, असे मानले जाते. शिक्षा कोणालाच झाली नाही. या वार्तेनंतर लेमास यांना तुरुंगातून मोकळे करण्यात आले. भावाच्या मरणाचे भांडवल त्यांनी राजकारणात केले नाही. त्याच सरकारी पक्षाच्या पुढाऱ्यांसमोर ते पुढे चाळीस वर्षे संसदेत बसले, भांडले आणि प्रसंगी त्यांच्याबरोबर कामही केले.

नोव्हेंबर १९२४ मध्ये दक्षिण डब्लिनमधून ते पोटनिवडणूक जिंकले. पण राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे म्हणून त्यांच्या पक्षाचे सभासद संसदेत पाऊल टाकीत नसत. या सोवळेपणाने राज्य मिळावयाचे नाही, हे लेमास यांना इतरांच्या आधी उमगले. १९२६ मध्ये डी व्हॅलेरांनी ‘फियाना फॉल’ हा नवा पक्ष काढला त्यामागे लेमास यांचा आग्रह होता, आणि गावोगाव शाखा उभारण्याचे काटेकोर कामही मुख्यतः त्यांनीच अंगावर घेतले. ऑगस्ट १९२७ मध्ये शपथ ही केवळ रिकामी औपचारिकता असल्याचे सांगत पक्ष संसदेत गेला. पुढच्याच वर्षी आपला पक्ष ‘किंचित घटनात्मक’ आहे, असे लेमास यांनी सभागृहात ऐकविले. हे वाक्य त्यांच्या विरोधकांनी आयुष्यभर लक्षात ठेवले. ‘किंचित’चे ‘पुरते’ व्हावयास मात्र फार वर्षे लागली नाहीत.

मार्च १९३२ मध्ये फियाना फॉल सत्तेवर आला व लेमास उद्योगमंत्री झाले. राजकीय फाळणीत बेलफास्टच्या गोद्या व लिननच्या गिरण्या उत्तरेकडे राहिल्या होत्या. दक्षिणेकडील राज्य गुरे, लोणी आणि माणसे यांची निर्यात करीत होते. शिन फेनचे संस्थापक आर्थर ग्रिफिथ यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट याच्यापासून एक विचार उचलला होता. बाल्यावस्थेतील उद्योगांना परकीय स्पर्धेपासून संरक्षण दिल्यावाचून मागासलेला देश औद्योगिक होत नाही, असा तो विचार. करारवादी सरकारने तो हात राखून वापरला. लेमास यांनी मुक्तहस्ते. डी व्हॅलेरांनी ब्रिटनकडे जाणारे जमिनीचे हप्ते रोखले, ब्रिटनने आयरिश गुरांवर वीस टक्के जकात बसविली, आणि १९३८ पर्यंत चाललेल्या या ‘आर्थिक युद्धा’च्या आडोशाने कापड, पादत्राणे, फर्निचर, साबण, सिमेंट अशा नाना वस्तूंभोवती जकातींची व कोट्यांची तटबंदी उभी राहिली. १९३२ व १९३४ च्या कायद्यांनी कारखान्यांची मालकी निम्म्याहून अधिक आयरिश हातांत असावी असे बंधन घातले. परदेशी कंपन्यांनी नावापुरते आयरिश संचालक नेमून ते हळूच चुकविले, ही गोष्ट वेगळी. लायसन द्यावयाचे कोणाला हे खात्यात ठरे, आणि लेमास यांच्या टेबलावरून भराभर निकाल निघत. फायली तुंबवून ठेवणे हा त्यांचा दोष कधीच नव्हता.

जेथे खाजगी भांडवल पुढे येईना तेथे सरकार उतरले. १९३३ मध्ये साखर कंपनी व औद्योगिक पतपुरवठ्याची कंपनी, १९३४ मध्ये पीट कोळशाच्या विकासाचे मंडळ, १९३६ मध्ये डब्लिन-ब्रिस्टल मार्गावर एका लहानशा विमानानिशी सुरू झालेली ‘एअर लिंगस’. लेमास समाजवादी नव्हते. काम कोण करील एवढाच त्यांचा प्रश्न असे, आणि उत्तर ‘कोणी नाही’ असे आले की ते सरकारने करावे, इतके साधे त्यांचे तत्त्वज्ञान होते. १९३१ ते १९३८ या काळात औद्योगिक रोजगार सुमारे दीडपट झाला, हे लक्षात घेता या पहिल्या टप्प्याला अपयश म्हणता येणार नाही.

त्यांच्या १९३६ च्या कामगार कायद्याने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा व भरपगारी वार्षिक रजा दिली. परंतु त्याच कायद्यातील एका कलमाने कोणत्या उद्योगांत स्त्रियांना घ्यावयाचे नाही हे ठरविण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. स्त्री कामगारांच्या संघटनेच्या नेत्या लुई बेनेट यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. इतर कामगार पुढाऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. ‘रोजगार’ या शब्दाचा अर्थ त्या सरकारच्या लेखी पुरुषाचा रोजगार असाच होता. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेतही या दृष्टीचे पडसाद उमटले आहेत. याच घटनेतील सामाजिक धोरणाच्या निदेशक तत्त्वांवरून भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली गेली, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिले. लेमास यांच्याकडे पुरवठा खाते आले. स्वतःची पुरेशी जहाजे नसलेल्या बेटाला तटस्थता किती महाग पडते याचा अनुभव तेव्हा आला. चहाचे रेशन एका वेळी दर माणशी आठवड्याला अर्ध्या औंसावर, म्हणजे चौदा ग्रॅमवर, उतरले होते; आणि आयरिश माणसाला चहा किती लागतो हे ठाऊक असणाऱ्यालाच या आकड्यातील दुःख कळेल. १९४१ मध्ये मिळतील ती जुनी जहाजे विकत घेऊन सरकारी जहाज कंपनी काढण्यात आली.

त्यांच्या कारकिर्दीतील खरा पेचप्रसंग यानंतर सुरू होतो, आणि येथेच हे चरित्र केवळ आयर्लंडचे राहत नाही. बाल्यावस्थेतील उद्योगांना संरक्षण द्यावे असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. त्या बालकाने वयात केव्हा यावे, आणि ते यावयास तयार नसेल तर काय करावे, याविषयी ती पुस्तके बरीच अबोल असतात. आयर्लंडमध्ये तीस लाखांची बाजारपेठ बंदिस्त करून ती काही थोड्या कारखानदारांना आंदण दिली गेली होती. माल महाग आणि बेताचा, निर्यात जवळजवळ नाही, कच्चा माल व यंत्रे मात्र बाहेरूनच यावयाची. कारखानदारांच्या संघटनांना हे उत्तम मानवले होते. लेमास यांना ते दिसत नव्हते असे नाही. १९४७ मध्ये त्यांनी संरक्षित उद्योगांच्या किमतींची व कार्यक्षमतेची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक आणले. कारखानदारांनी तीव्र विरोध केला, फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत सरकार गेले आणि विधेयक बारगळले. आपल्याच हातांनी निर्माण केलेला वर्ग आपल्याच आड उभा राहिला, हे त्यांना त्या वेळी कळून चुकले असावे. तरीही १९५१ ते १९५४ या पुढच्या कारकिर्दीत त्यांनी तटबंदीला धक्का लावला नाही. या दिरंगाईबद्दल त्यांना दोष द्यावाच लागेल, कारण तिची किंमत फार मोठी होती.

ती किंमत जनगणनेच्या कोष्टकांत नोंदलेली आहे. १८४१ मध्ये, महादुष्काळापूर्वी, पुढे प्रजासत्ताक बनलेल्या सव्वीस परगण्यांत पासष्ट लाखांहून अधिक लोक राहत होते. १९६१ च्या गणनेत ते भरले २८ लाख १८ हजार, म्हणजे तोवरच्या सर्व गणनांतील नीचांक. १९५१ ते १९६१ या एका दशकात बाहेर गेलेल्यांची निव्वळ संख्या चार लाखांवर होती. युरोपात इतरत्र युद्धोत्तर भरभराट चालू असताना स्वतंत्र आयर्लंडची तरुण मुले आणि मुली लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, लंडन येथील बांधकामांवर, कारखान्यांत आणि रुग्णालयांत कामाला जात होती. ज्या राज्यापासून मुक्त होण्यासाठी १९१६ चे बंड झाले, त्याच राज्यात पोट भरण्यासाठी जाण्याची पाळी बंडखोरांच्या मुलांवर आली होती. शेत थोरल्या मुलाला, धाकट्यांना बोटीचे तिकीट, हा खेड्यातील जुना रिवाज स्वातंत्र्याने मोडला नव्हता. १९५५ च्या ऑक्टोबरात, विरोधी पक्षात असताना, लेमास यांनी पाच वर्षांत एक लाख नवे रोजगार निर्माण करण्याची योजना मांडली. १९५६ ते १९६१ या काळात नोकऱ्या तर वाढल्या नाहीतच, उलट दोन लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली.

१९५७ मध्ये पक्ष पुन्हा सत्तेवर आला तेव्हा अर्थखात्याच्या सचिवपदी केन व्हिटेकर हे गृहस्थ होते. १९३४ मध्ये कारकून म्हणून सरकारी नोकरीत शिरलेले, नोकरी सांभाळून लंडन विद्यापीठाच्या पदव्या बाहेरून मिळविलेले आणि १९५६ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी सचिव झालेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयीन वेळेपलीकडे खपून देशाच्या अर्थव्यवस्थेचा एक अभ्यास तयार केला. नोव्हेंबर १९५८ मध्ये तो ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि तो कोणी लिहिला हेही लोकांना कळू देण्यात आले. नोकरशाहीच्या रिवाजात ही अपूर्व गोष्ट होती. संरक्षणाच्या आडोशाने आलेला स्वयंपूर्णतेचा मार्ग संपला असून उत्पादक गुंतवणूक, निर्यात आणि परकीय भांडवल यांवाचून तरणोपाय नाही, हा त्याचा निष्कर्ष. पाव शतक अर्थखाते आणि लेमास यांचे उद्योगखाते एकमेकांना पाण्यात पाहत आले होते. अर्थखात्याला खर्च नको असे, लेमास यांना कारखाने हवे असत. त्या खात्यातून आलेला हा कागद लेमास यांनी आपला म्हणून उचलला. व्हिटेकर यांचा भर शेतीवर होता. लेमास यांनी तो उद्योगाकडे अधिक वळविला.

राजकीयदृष्ट्या ही गोष्ट सोपी नव्हती. परकीय भांडवलाला दारे उघडणे म्हणजे १९३२ चा आपलाच कायदा उलटा फिरविणे होय. १९५८ मध्ये मालकीविषयीची बंधने सैल झाली. निर्यातीवरील नफ्याला करमाफी देण्याची सुरुवात १९५६ मध्ये प्रतिपक्षाच्या सरकारने केली होती. ती आता पूर्ण करण्यात आली. १९५९ च्या जूनमध्ये डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्षपदी गेले व लेमास पंतप्रधान झाले. जुलै १९६१ मध्ये त्यांनी युरोपीय सामाईक बाजारपेठेच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी ब्रिटनचा मार्ग रोखला आणि त्याबरोबर आयर्लंडचाही रोखला गेला. एखाद्या सावध पुढाऱ्याने या निमित्ताने सुटकेचा नि:श्वास टाकला असता. लेमास यांनी, कोणीही मागितलेले नसताना, १९६३ व १९६४ च्या आरंभी आयात जकाती प्रत्येकी दहा टक्क्यांनी कमी केल्या. कारखानदारांना जागे करण्यासाठी उचललेले हे पाऊल होते. डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला. बंडखोराने आपली बाजारपेठ ब्रिटिश मालाला टप्प्याटप्प्याने खुली केली, अशी टीका स्वपक्षातूनही झाली. पण १९५८ च्या कार्यक्रमात वर्षाला दोन टक्के वाढीचे माफक उद्दिष्ट ठेवले असताना प्रत्यक्षात ती सुमारे चार टक्के झाली, आणि १९६६ च्या गणनेत लोकसंख्या २८ लाख ८४ हजारांवर गेलेली दिसली.

याच काळातील आणखी एका घटनेचा उल्लेख केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. १४ जानेवारी १९६५ रोजी लेमास, व्हिटेकर यांना बरोबर घेऊन, मोटारीने बेलफास्टला गेले व उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान टेरेन्स ओ’नील यांना भेटले. फाळणी झाल्यापासून दोन्ही राज्यांचे पंतप्रधान उत्तरेच्या भूमीवर असे कधी भेटले नव्हते. बोलणी झाली ती वीज, पर्यटन, व्यापार अशा रुक्ष विषयांवर. घटनेने जे सरकार अमान्य केले होते त्याच्या दारी जाऊन चहा पिणे, हे काही प्रखर राष्ट्रवाद्यांना खटकले. ओ’नील यांच्या बाजूलाही तशीच आग पेटली, आणि १९६९ पासून जो रक्तपात उसळला त्यात या भेटीचे फळ वाहून गेले.

लेमास यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे की, त्यांनी एक परावलंबन टाकून दुसरे पत्करले. कर वाचविण्यासाठी आलेल्या कंपन्या कर वाचविण्यासाठीच निघूनही जातात, त्यांचा देशातील इतर उद्योगांशी सांधा जुळत नाही, आणि १९८० च्या दशकात बेकारी व स्थलांतर पुन्हा उसळले ते याचमुळे. या आक्षेपात तथ्य आहे. पण १९८० च्या दशकातील संकटाचे बरेचसे श्रेय नंतरच्या सरकारांच्या उधळ्या कर्जांना द्यावे लागते, हेही खरे. तटबंदी अचानक नव्हे, सुमारे दहा वर्षांत, अगोदर सांगून, पाडण्यात आली. तरीही ज्यांना बदलावयाचे नव्हते ते बदलले नाहीत. पादत्राणांचे, कापडाचे, सुट्या भागांच्या जुळणीतून मोटारी बनविणारे ते १९३० च्या दशकातील कारखाने १९७० नंतर एकामागून एक बंद पडत गेले. त्यांतील कामगार पन्नाशीला आले होते. त्यांना पुन्हा शिकवून नव्या कामाला लावण्याची व्यवस्था धोरण आखणाऱ्यांनी जेवढी कागदावर केली तेवढी प्रत्यक्षात झाली नाही, आणि हा दोष एकट्या लेमास यांचा नसला तरी त्यांच्या खात्यावर तो मांडावाच लागतो.

नोव्हेंबर १९६६ मध्ये, बंडाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला त्याच वर्षी, लेमास यांनी पंतप्रधानपद स्वखुशीने सोडले आणि तरुण मंडळींना जागा करून दिली. त्यांच्या सरकारच्या अखेरच्या महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, शिक्षणमंत्री डोना ओ’मॅली यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली होती. अर्थखात्याची संमती न घेता केलेल्या या घोषणेने व्हिटेकर संतापले, पण पंतप्रधानांनी ती मागे घेऊ दिली नाही. लेमास ११ मे १९७१ रोजी निवर्तले. वर्षभराने, १० मे १९७२ रोजी, युरोपीय बाजारपेठेत जावे की नाही यावर सार्वमत झाले आणि ८३ टक्के मतदारांनी होकार दिला. १ जानेवारी १९७३ पासून आयर्लंड सदस्य झाले. त्या दशकात, देश स्वतंत्र झाल्यापासून प्रथमच, आयर्लंडमध्ये राहावयास येणाऱ्यांची संख्या सोडून जाणाऱ्यांपेक्षा अधिक भरली. येणाऱ्यांत पुष्कळजण वीस वर्षांपूर्वी बोटीने गेलेले होते. आता ते इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलांना घेऊन परतत होते.